फेडर की माऊस: देऊळघाटातला एक वाद

नव्या बोर्डात आवाज शिरतच नाही आणि बाहेरही पडत नाही, हे मामांना पटवण्यातच पहिली संध्याकाळ गेली. बोर्ड दिसायला हुबेहूब मिक्सर. आठ उभे फेडर, नववा मास्टरचा, प्रत्येकाच्या डोक्यावर एक गोल नॉब, उजव्या अंगाला प्ले, स्टॉप, रेकॉर्डची बटणं आणि एक मोठं फिरतं चाक. मागे वाकून पाहिलं तर माइकची वायर खोचायला जागाच नाही. लॅपटॉपला जाणारी एक यूएसबी केबल आणि विजेची वायर, की झालं.

मामा आमच्या शेजारचे. देऊळघाटात आणि आसपासच्या गावांत लग्नाच्या मांडवाला, सप्ताहाला, जयंतीला साऊंड लावण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर, भोंगे, मग कॉलम, मग मोठा मिक्सर, हे सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. डीजेच्या भिंती आल्या तेव्हा त्यांनी मांडव सोडला आणि घरामागच्या खोलीत रेकॉर्डिंग सुरू केलं. भिंतींना गोधड्या, दाराला दुहेरी पडदा. भाची पुण्यात साऊंडचं शिकली, तिथंच काम करते आणि सुट्टीला आली की मामांची अडलेली कामं मार्गी लावते. तिचं सगळं काम लॅपटॉप, हेडफोन आणि माऊस यांवर चालतं. मामांनी सेकंडहँड बोर्ड आणला आणि दोघांची जुंपली. मी तिथं बसून होतो. काय ऐकलं ते लिहितो. कुठं माझं मत मिसळेल, ते मिसळू देतो.

भाची: मामा, हा मिक्सर नाही. याला कंट्रोल सरफेस म्हणतात. आवाज माइकमधून ऑडिओ इंटरफेसमध्ये जातो, तिथून लॅपटॉपमध्ये. मिक्सिंग होतं ते रीपर या सॉफ्टवेअरमध्ये. तुम्ही इथं फेडर सरकवला की हा बोर्ड रीपरला फक्त एक आकडा कळवतो. बस.

मामा: म्हंजे रिमोट झाला.

भाची: रिमोटच. मग एवढे पैसे कशाला घातले? त्या पैशात एक बरा माइक आला असता. या गोधड्या काढून भिंतीला नीट काही लावता आलं असतं. कानाला फरक कळला असता. या बोर्डानं आवाज तसूभरही सुधारत नाही.

मामा: आवाज सुधरवाले नाई आनला मी. मले हात ठेवाले जागा पाह्यजे होती.

वाद सगळा या दोन वाक्यांमधलाच आहे. भाचीचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के खरं. मामांचं म्हणणं काय आहे, ते मला हळूहळू उलगडत गेलं.

आधी जोडणी. मामांना वाटलं होतं, केबल लावली, रीपरमध्ये नाव दिलं की झालं. भाचीनं बोर्ड बंद केला, पहिल्या चॅनलचं सिलेक्ट बटण दाबून धरलं आणि तसंच धरून स्विच चालू केला. छोट्या पडद्यांवर प्रश्न उमटला: मोड कोणता? एमसी की एचयूआय? तिनं एमसी निवडलं, पुढे यूएसबी.

एमसी म्हणजे मॅकी कंट्रोल. मॅकी ही अमेरिकेतली मिक्सर बनवणारी कंपनी. 1990च्या दशकाच्या अखेरीला तिनं प्रो टूल्स या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसाठी एचयूआय नावाचा बोर्ड काढला. पुढे 2002च्या सुमारास इमॅजिक या जर्मन कंपनीबरोबर लॉजिकसाठी आणखी एक बोर्ड काढला, त्यातूनच मॅकी कंट्रोल आलं. बोर्ड आणि सॉफ्टवेअर यांनी एकमेकांशी काय बोलायचं, याची जी रीत त्या बोर्डानं पाडली ती पुढे इतरांनी उचलली. म्हणून आज बेहरिंगरसारख्या दुसऱ्या कंपनीचा बोर्ड मॅकीची भाषा बोलतो आणि रीपर, क्यूबेस, आर्डर, सगळ्यांना ती कळते. त्या भाषेचं मूळही जुनंच. 1983मध्ये सिंथेसायझरवाल्यांनी मिडी नावाचा करार केला. एका कंपनीचा कीबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला जोडता यावा, एवढीच त्यामागची गरज. देऊळघाटच्या या खोलीत मामांच्या बोटाचा निरोप लॅपटॉपपर्यंत पोचतो तो त्याच करारानं.

रीपरमध्ये प्रेफरन्सेस उघडायचं, शेवटाकडे कंट्रोल, ओएससी, वेब असं पान आहे, तिथं अ‍ॅड करून यादीतून मॅकी कंट्रोल निवडायचं. मग मिडी इनपुट विचारतं, तिथं बोर्डाचं नाव द्यायचं. मामांनी हे आदल्या दिवशी स्वतः केलं होतं. फेडर सरकवला की पडद्यावरचा फेडर सरकायचा, पण पडद्यावर माऊसनं काही हलवलं तर बोर्ड ढिम्म. मोटर गेली असावी, विकणाऱ्यानं फसवलं, असा त्यांचा ग्रह झाला होता. भाचीनं पाहिलं तर आऊटपुटची जागा रिकामी होती. तिथं त्याच बोर्डाचं नाव भरताक्षणी आठही फेडर खर्रकन आपापल्या जागी जाऊन उभे राहिले.

मामा: बाप्पा! हा तर आपल्या आपनच चालते.

भाची: तुम्ही त्याचं एकच तोंड जोडलं होतं. त्याला बोलायची वाट दिली, ऐकायची दिलीच नाही. दोन्ही लागतात.

पुढे जे झालं ते मला फार शिकवून गेलं. गाण्याखाली धरायला भाचीनं एका ट्रॅकवर सॉफ्टवेअरची हार्मोनियम लावून ठेवली होती आणि तो ट्रॅक रेकॉर्डला सज्ज होता. मामांनी पहिल्या फेडरला बोट लावलं तर हार्मोनियममधून बारीक चीं असा आवाज. फेडर वर सरकवला तर तिचा सूर सुटून वर चढायला लागला. खाली आणला तर सूर खाली.

मामा: आवाज कमी-जास्त कराचा सोडून हा सूर काऊन बिघडवून राह्यला?

कारण त्या जुन्या करारातच आहे. मिडीत साधा कंट्रोल शून्य ते 127 एवढ्याच पायऱ्यांत चालतो. स्वस्त छोट्या बोर्डांवर असंच असतं. गाण्याच्या शेवटी आवाज हळूहळू मिटवताना त्या पायऱ्या कानाला खटकू शकतात. मॅकीला बारीक हालचाल हवी होती, म्हणून त्यांनी फेडरसाठी पिच बेंडचा निरोप वापरला, कारण त्यात बारकावा कितीतरी जास्त मावतो. त्यांच्या फेडरला 1,024 पायऱ्या मिळाल्या. पण पिच बेंड हा मुळात सूर वाकवण्याचा निरोप. फेडरला बोट लागलं हे कळवायला त्यांनी कीबोर्डच्या अगदी वरच्या टोकाच्या पट्ट्यांचे क्रमांक घेतले. रीपरला माहीत असतं की हा बोर्ड आहे. हार्मोनियमला ते माहीत नसतं. तिला वाटतं कुणीतरी वाजवतंय. उपाय एवढाच, की मिडी उपकरणांच्या यादीत या बोर्डाला रेकॉर्डिंगसाठी बंद ठेवायचं. कंट्रोलच्या पानावर तो आहेच, तिथं चालू राहतो. पहिल्यांदा बोर्ड जोडणाऱ्या कुणाला हे आधी सांगितलं तर त्याचा बराच वैताग वाचेल.

भाची: बघा. फेडर चालेपर्यंत तास गेला. माऊसला काय लागतं?

मामा: अन् मांडवात साऊंड लावाले काय कमी टाइम लागत होता? खांबावर चढा, वायर ओढा, मंग एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. लावाचा टाइम लावाचाच असते. मले पुढचं सांग.

पुढच्या एका गोष्टीवर भाची गंभीर झाली आणि मला वाटतं, तिनं ठासून सांगितलं ते बरं केलं. रेकॉर्डिंगला आलेल्या भजनी मंडळीचा माइक तपासताना पुढच्या गायकाचा आवाज फुटला. मामांचा हात सवयीनं फेडरकडे गेला, फेडर निम्म्यावर आला. ऐकू येणारा आवाज लहान झाला, फुटका तसाच राहिला.

भाची: मामा, इथं नाही. तुमच्या जुन्या मिक्सरवर माइक आणि फेडर एकाच खोक्यात होते. इथं फेडर माइकच्या वाटेवर नाहीच. आत किती आवाज घ्यायचा ते इंटरफेसवरच्या गेनच्या नॉबवर. तिथं फुटलेला आवाज फाइलमध्ये फुटकाच बसतो. मग हा फेडर कुठंही न्या.

मामा: हाव. म्हंजे गेन तिथं अन् हात इथं.

भाची: म्हणूनच म्हणते, हा बोर्ड माणसाला फसवतो. मिक्सरसारखा दिसतो, मिक्सर नसतो. माऊस तरी असं काही सोंग घेत नाही.

हा भाचीचा सर्वांत सबळ मुद्दा. मांडवात हात घडलेल्या माणसाच्या बोटांत वर्षानुवर्षांची सवय असते आणि ती सवय इथं निम्मी उपयोगाची, निम्मी घातक. मामांनी तो मुद्दा निमूट मान्य केला. गेनचा नॉब त्यांनी लाल चिकटपट्टीनं वेढला, विसरू नये म्हणून.

खरी तेढ आली ती डोळ्यांवरून.

मामा: तू गाणं ऐकत नाईस. तू गाणं पाह्यते.

भाची: म्हणजे?

मामा: परवा तू ते भजन मिक्स करत होती, मी मागं उभा होतो. खंजिरीची थाप आली का तुहे डोये पडद्यावर. ते डोंगर-डोंगर दिसते ना, त्याच्यावर. डोंगर मोठा दिसला का तू कमी केला. कानाले मोठा लागला होता का, ते तू इचारलंच नाई.

भाची: डोळ्यांना दिसतं म्हणूनच अचूक होतं. कान थकतात, मामा. तासाभरानं मोठा आवाज मोठा वाटत नाही. आकडा थकत नाही. आणि एका शब्दाचा शेवट दोन डेसिबलनं उचलायचा असेल तर मी तो शब्द पकडून तेवढाच उचलते. तुमच्या बोटाला ते जमणार आहे का?

मामा: एका शब्दाले नाई जमनार. पुऱ्या गान्याले जमन.

मामांनी मग राजकमलचा दाखला दिला. तरुणपणी मुंबईत असताना स्टुडिओत काम करणाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी त्यांच्याजवळ पुष्कळ आहेत. परळला व्ही. शांतारामांनी 1942मध्ये उभं केलेलं राजकमल कलामंदिर आणि तिथले मंगेश देसाई. 'शोले'सह कितीतरी चित्रपटांच्या आवाजांचं अंतिम मिश्रण त्यांच्या हातून झालं. संवाद, संगीत, पावलांचे आवाज, वारा, सगळं वेगवेगळ्या पट्ट्यांवर. समोर पडद्यावर चित्र पळतंय आणि त्या चालत्या चित्राबरोबर हात फेडरवर. गाण्यांच्या रेकॉर्डिंगचंही तसंच. गायक आणि सगळा ताफा एका वेळी, एका टेकमध्ये. तोल रेकॉर्डिस्टनं तिथल्या तिथं हातानं सांभाळायचा.

मामा: त्या मान्सायनं काय पाह्यलं असन? पडद्यावर डोंगर होते का?

भाची: नव्हते, कारण तशी सोयच नव्हती. सोय असती तर त्यांनी वापरली असती. आणि त्या काळी एक चूक झाली की सगळं पुन्हा, हेही सांगा ना. हाताची हालचाल जपून ठेवता येत नव्हती हीच तर त्यांची मोठी अडचण होती. 1970च्या दशकात इंग्लंडमधल्या नीव्ह कंपनीनं नेकॅम काढलं, फेडरच्या हालचाली लक्षात ठेवणारी आणि मोटरनं ते फेडर पुन्हा हलवणारी यंत्रणा. लंडनच्या एअर स्टुडिओत ती बसवली होती. तिथल्या लोकांना केवढं हायसं वाटलं असेल. तुम्ही ज्याचं कौतुक करता ती त्यांची मजबुरी होती.

इथं भाचीचं बरोबर आणि तिच्याच दाखल्यातून मामांचंही बरोबर. हाताची हालचाल जपता यावी म्हणून जगातल्या सर्वांत महागड्या मिक्सरना मोटरी बसवल्या गेल्या. हात काढून टाकावा, असं तिथं कुणी ठरवलं नव्हतं. चूक दुरुस्त करता यावी आणि बोटंही फेडरवर राहावीत, या दोन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या करणारं यंत्र त्यांना हवं होतं. तेव्हा ते मूठभर स्टुडिओंना परवडायचं. आज तेच काम करणारा बोर्ड देऊळघाटच्या खोलीत सेकंडहँड येऊन बसला आहे. या गोष्टीचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

मग भजन. मंडळी गुरुदेव सेवा मंडळाच्या परंपरेतली, तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर म्हणणारी. विदर्भात या खंजिरीचं काय स्थान आहे ते सांगायला नको. महाराज स्वतः खंजिरीवर भजनं म्हणत. पण माइकसमोर ती अवघड. कातड्याची थाप आणि किणकिणणाऱ्या चकत्या दोन्ही एकदम आणि दोन्ही टोकदार. पुढचे म्हणणारे गृहस्थ वयस्क, भावात आले की मान मागे जाते, तोंड माइकपासून दूर. नेमकं तेव्हाच झील धरणारे जोरात आणि खंजिरीवाला रंगात. भाचीनं आधी आपलं मिक्स केलं. शब्दाशब्दाची पातळी समान केली, आवाजावर कॉम्प्रेसर, खंजिरीच्या टोकांना लगाम. स्वच्छ झालं. प्रत्येक अक्षर ऐकू येत होतं.

मग मामांची पाळी. भाचीनं पुढच्या आवाजाचा ट्रॅक आणि खंजिरीचा ट्रॅक टच मोडवर टाकला आणि समजावलं. टचमध्ये फेडरवर बोट आहे तोवर हालचाल नोंदली जाते, बोट उचललं की फेडर आधीच्या जागी परततो. लॅचमध्ये बोट उचललं तरी जिथं सोडला तिथंच राहतो, गाणं थांबेपर्यंत. आणि राइट मोड म्हणजे प्ले दाबल्यापासून पुढची सगळी जुनी नोंद पुसून नवी. तो मोड चुकून चालू राहिला तर तासाची मेहनत एका प्लेमध्ये जाते, म्हणून मामांनी त्या बटणाकडे फिरकायचंच नाही, असं दोघांचं ठरलं. तरी पहिल्या फेरीला गडबड झालीच. खंजिरीचा ट्रॅक लॅचवर राहिला होता, मामांनी एका कडव्यात ती खाली घेतली आणि ती शेवटपर्यंत खालीच राहिली. पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या फेरीला मामांनी लॅपटॉपचा पडदा अर्धा मिटला. डावं बोट आवाजावर, उजवं खंजिरीवर. मी त्यांच्या बोटांकडे पाहत होतो. धृपद संपत आलं, अंतरा अजून सुरू व्हायचा होता आणि डावं बोट आधीच वर सरकायला लागलं. गृहस्थांची मान मागे जायच्या आत. खालच्या सुरातली ओळ यायच्या आधी उजवं बोट खंजिरीला किंचित खाली घेऊन आलं आणि ओळ संपताच सोडून दिलं. मोटरनं फेडर आपल्या जागी नेला. कुठंही आवाज वाढवल्याचं कळत नव्हतं. वयस्क माणूस जागेवरून न हलता समोर बसून म्हणतोय, असं वाटत होतं.

भाचीनं पडदा उघडून मामांनी काढलेली रेष पाहिली. बराच वेळ पाहिली.

भाची: हे तुम्ही आवाज कमी व्हायच्या आधीच वर नेलंय.

मामा: मंग? कमी झाल्यावर नेलं तर उशीर नाई का झाला? हे भजन मी किती सप्ताहात वाजवलं हाय. मान कधी मागं जाईन, मले ठाऊक हाय.

माझ्या मते सगळा वाद इथं येऊन सुटतो, निदान माझ्यापुरता. माऊसनं काम करणारा माणूस घडून गेलेल्या आवाजाकडे पाहतो आणि तो दुरुस्त करतो. तिथं त्याला तोड नाही. फेडरवर बोट ठेवणारा यायच्या आवाजाची वाट पाहतो. त्याला गाणं आधी पाठ असावं लागतं. पाठ नसेल तर त्याचं बोट कायम अर्धा क्षण मागे राहणार आणि त्या बोर्डाला घातलेले पैसे वाया, हे भाचीचं म्हणणं खरं ठरणार. बोर्ड आवाज सुधारत नाही. ज्याला गाणं ठाऊक आहे त्याचं ते ठाऊक असणं रेकॉर्डिंगमध्ये उतरवायला तो एक वाट देतो. मांडवांत आणि सप्ताहांत गाणी ऐकून मुरलेल्या किती माणसांना आपण लॅपटॉप येत नाही म्हणून बाजूला बसवतो! मामांसारख्या माणसाजवळ चाळीसएक वर्षांचं ऐकणं आहे आणि ते माऊसच्या टोकातून बाहेर येत नाही. त्याला बोटंच लागतात. ही माणसं पुन्हा कामाला लागावीत, असं मला फार वाटतं.

आता भाचीची बाजूही तेवढीच पाहा. मामांचं बोट दोन जागी उशिरा पोचलं होतं. एका ओळीतला पहिला शब्द दबला होता. भाचीनं त्या रेषेचे दोन बिंदू माऊसनं पकडून किंचित डावीकडे ओढले. पंधरा सेकंदांत शब्द वर आला. मामांना तीच ओळ पुन्हा हातानं धरायला तीन फेऱ्या लागल्या असत्या आणि बाकीची चांगली हालचाल बिघडण्याची भीती होतीच.

मामा: हे बरं केलं.

भाची: मग मान्य करा.

मामा: शब्द तू धर. गानं मी धरतो.

फेडरखालच्या चिकटपट्टीवरून मात्र दोघांचं अजून जमलेलं नाही. प्रत्येक फेडरवर छोटा पडदा असतो, त्यावर ट्रॅकचं नाव उमटतं. पण मॅकीच्या त्या रीतीत एका नावाला सातच अक्षरांची जागा आणि तीही रोमन. देवनागरीत खंजिरी, झील, ढोलकी लिहिलं की तिथं धड काही दिसत नाही. मामांना रोमन वाचायचा कंटाळा. त्यांनी जुन्या मिक्सरवर करायचे तेच केलं, फेडरखाली पांढरी पट्टी लावून तीवर पेननं नावं लिहिली.

भाची: मामा, बोर्डावर आठच फेडर आहेत. ट्रॅक आठाहून जास्त झाले की बँकचं बटण दाबून पुढचे आठ समोर आणायचे असतात. बँक बदलली की तुमची पट्टी खोटी बोलते. खंजिरी लिहिलंय तिथं तंबोरा येऊन बसतो.

मामा: मंग बँक बदलूच नोको. कामाचे आठ पहिले ठेव.

भाची: प्रत्येक कामात कामाचे आठ कसे असतील?

मामा: असतेत. हात दोनच हाय.

मला मामांचं हे बोलणं पटतं, पण त्याला शिस्त लागते. ट्रॅक कोणत्या क्रमानं मांडायचे हे रेकॉर्डिंगच्या आधी ठरवावं लागतं. सतत हलणारे पहिल्या आठात, एकदा बसवले की न हलणारे मागे. माऊसवर काम करणाऱ्याला क्रमाची फिकीर नसते, तो हवा तो ट्रॅक शोधून काढतो. बोर्ड वापरणाऱ्यानं आधी विचार करायचा असतो.

ज्यांना मोटरचे फेडर परवडत नाहीत त्यांच्यासाठी भाचीनं दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथं नोंदवतो. कोर्गच्या नॅनोकंट्रोलसारखा छोटा बोर्ड पुष्कळ स्वस्त पडतो. मोटर नाही, त्यामुळं पडद्यावरचा फेडर एका जागी आणि हातातला दुसऱ्या जागी असं होतं, ते जुळवून घेत काम करावं लागतं. शिकायला तो पुरतो. दुसरं, एकट्यानं रेकॉर्ड करणाऱ्याला बोर्डाशिवायही भागतं. रीपरच्या त्याच कंट्रोलच्या पानावर वेबचा पर्याय आहे. तो चालू केला की घरच्या वायफायवर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये प्ले, रेकॉर्ड आणि फेडर दिसतात. मामा आता मंडळीत माइकजवळ बसून मोबाइलवरूनच रेकॉर्ड चालू करतात, उठून लॅपटॉपपाशी जात नाहीत. या सोयीवर दोघांचंही एकमत आहे.

धूळ हा बोर्डाचा खरा शत्रू. उन्हाळ्यात आमच्याकडे वारा सुटला की खिडकीच्या फटीतून माती आत येते आणि फेडरच्या चिरांमध्ये बसते. काम संपलं की मामा त्यावर धुतलेलं धोतर पांघरतात. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, बोर्ड मात्र बंद पडतो. भाचीनं हे बोलून दाखवलं तेव्हा मामांनी इन्व्हर्टरची वायर खोलीपर्यंत ओढून घेतली.

येत्या आठवड्यात एक कव्वालीची पार्टी येणार आहे. सैलानीच्या यात्रेत म्हणणारे, देऊळघाटात नातलग असलेले. भाचीनं कागदावर माइक मांडले: पुढचा आवाज, दुसरा आवाज, मागचे दोन, हार्मोनियम, ढोलक डावी, ढोलक उजवी, तबला, टाळ्यांचे तीन माइक. अकरा झाले.

भाची: टाळ्यांचे तिन्ही एका फोल्डरमध्ये टाकते. फोल्डरचा एकच फेडर. मागचे दोन आवाज एका फोल्डरमध्ये. आले आठात.

मामा: टाळ्या एकत्र चालतीन. मागचे आवाज नोको एकत्र करू. त्याच्यात एक पोरगा हाय, त्याची तान मदी-मदी वर काढा लागते. ढोलकच्या दोन्ही बाजू एकत्र कर.

भाची: ढोलकचा डावा हात तुम्हालाच वेगळा हवा असतो नेहमी.

मामा: कव्वालीत ढोलकवाला सोताच धरते डावा हात. त्याले मी कायले हात लावू?

भाचीनं कागदावर खाडाखोड केली, ढोलकच्या दोन ओळी कंसात बांधल्या आणि मागचे दोन आवाज वेगळे लिहिले. आठ भरले. त्या पोराची तान कितव्या कडव्यात येते, ते विचारायला मामांनी लगेच पार्टीच्या म्होरक्याला फोन लावला.